बुरुल एजेकेंचा चेहरा

बुरुल एजेके आणि मी एकाच खोलीत बसतो. खोली अरुंद, खिडकी एकच, आणि तीही त्यांच्या बाजूला. त्या सर्व्हे शिकवतात, मी ड्रॉइंग. आमच्या ओश शहरात आणि आसपास ज्यानं म्हणून रस्ता आखला आहे, कालवा काढला आहे किंवा नुसती शाळेची भिंत बांधली आहे, तो कधी ना कधी त्यांची बोलणी खाऊन गेलेला असतो. आमचे डीन एर्मेक अगायसुद्धा. शिक्षिकेला एजेके आणि शिक्षकाला अगाय म्हणायची आमच्याकडे रीत. डीन झाल्यापासून एर्मेकना सगळे फार अदबीनं अगाय म्हणतात, पण जिन्यात बुरुल एजेके समोर आल्या की ते अजून सिगारेट खिशात लपवतात. एकदा पेटलेलीच लपवली होती.

फर्मान काढलं ते या एर्मेक अगायनीच. प्रत्येक विषयाचा टेलिग्रामवर ग्रुप हवा, प्रत्येक व्याख्यानाचं रेकॉर्डिंग हवं, मुलांच्या शंकांना ग्रुपवर उत्तरं हवीत. कारण बरोबर होतं. आमची बरीच मुलं अलायच्या आणि बातकेनच्या डोंगराळ गावांतली. बर्फ पडून खिंड बंद झाली की ती येऊ शकत नाहीत. कुणी नोकरी सांभाळून शिकतो, कुणाच्या कडेवर बाळ असतं.

"मी काय लग्नात गाणारी बाई आहे?" बुरुल एजेके म्हणाल्या. "फोनपुढे उभी राहून हातवारे करायला?"

"फर्मान आहे, एजेके," मी म्हटलं.

"फर्मान एर्मेकचं. दुसऱ्या वर्षाला असताना त्याला लेव्हल मशीनचा बुडबुडा मध्ये आणता येत नव्हता."

तरी त्यांनी ते केलं, कारण सांगितलेलं काम टाळणं त्यांच्या स्वभावातच नाही. पातळी मोजायच्या लेव्हल मशीनची तिपाई वर्गात आणली, तिच्यावर फोन रबरानं बांधला, तिपाईचे पाय खालीवर करून फोन नीट समपातळीत घेतला. मग त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, आणि तोंडातून शब्द फुटेना. रिकाम्या बाकांकडे बघून त्यांना बोलता येत नव्हतं. शेवटी मला बोलावलं आणि फोनच्या मागे बसवलं.

"तू वर्ग हो," म्हणाल्या.

मी वर्ग झाले. हिवाळाभर मंगळवारी दुपारी मी त्यांचा वर्ग असायचे. मी जांभई दिली की त्या थांबायच्या. मला काही कळलं नाही तर ते त्यांना माझ्या डोळ्यांत दिसायचं आणि त्या बोट वर करून, भुवया उंचावून, ओठांचा चंबू करून म्हणायच्या, "पुन्हा मोज." कुणी मोजणीची उंच पट्टी तिरकी धरतो त्याची नक्कल करायच्या. कुणी रीडिंग अंदाजानं लिहितो, त्याला विचारायच्या, "कुणी सांगितलं, वाऱ्यानं?" हे सगळं त्या मला म्हणत होत्या, आणि फोन ते टिपत होता.

रेकॉर्डिंग चांगली झाली. इतकी चांगली की आम्हालाच नवल वाटलं. खिंडीपलीकडची मुलं ती तीन-तीनदा ऐकायची. जुने विद्यार्थी, जे आता रशियात इमारतींवर काम करतात, तेही ग्रुपमध्ये आले आणि आपले प्रश्न विचारायला लागले. एजेके प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. टाइप करायचा कंटाळा, म्हणून आवाजात बोलून पाठवायच्या. मागे कढईत कांदा परतल्याचा आवाज यायचा आणि पुढे त्या सांगत असायच्या की नदीपलीकडे पट्टी दिसत नसेल तर मशीन कुठे मांडायचं. त्या सहामाहीला सर्व्हेत नापास होणारी मुलं फारच थोडी निघाली. एर्मेक अगायनी सभेत त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. एजेकेंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं, आणि खोलीत आल्यावर मला म्हणाल्या, "बघ, फोन काही अगदीच टाकाऊ नाही."

मग वसंतात ते स्टिकर आले.

मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच ड्रॉइंगच्या ग्रुपमध्ये. एका मुलानं जिन्याचं चित्र काढून टाकलं होतं, पायऱ्या जेमतेम पाऊल टेकेल एवढ्या. त्याच्याखाली कुणीतरी बुरुल एजेकेंचा चेहरा चिकटवला. बोट वर, भुवया वर, ओठांचा चंबू. पार्श्वभूमी कापून टाकलेली, आणि खाली जाड अक्षरांत लिहिलेलं, पुन्हा मोज. मी मिनीबसमध्ये होते. मला हसू आवरेना, बाजूचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. चेहऱ्यावर बोट ठेवलं तर सगळा संच उघडला. पट्टी तिरकी धरलेल्या एजेके, डोळे मिटून कपाळावर हात मारलेल्या एजेके, मान वाकडी करून वाऱ्याची चौकशी करणाऱ्या एजेके. कापलेलं इतकं सफाईदार की डोक्यावरच्या रुमालाचा काठसुद्धा तुटला नव्हता.

पंधरा दिवसांत ते शहरभर झाले. बाजारात माझ्या नेहमीच्या समसावाल्यानं, भट्टीत मांसाचे समोसे भाजणाऱ्यानं, गिऱ्हाइकाला पैसे परत देताना फोन दाखवला, त्यावर एजेके होत्या. त्याला त्या कोण ते माहीत नव्हतं. "कुणीतरी मास्तरीण आहे," तो म्हणाला, "पण काय बाई आहे." एजेकेंना हे कसं सांगावं मला सुचेना. त्या रोज खोलीत यायच्या, रुमाल नीट करायच्या, चहा टाकायच्या.

सांगावं लागलंच नाही. एका सकाळी त्या आल्या, चहा टाकला नाही, थेट माझ्यापुढे फोन ठेवला.

"हे काय आहे?"

त्यांच्या घरच्या ग्रुपवर जावेच्या मुलाच्या लग्नाची तयारी चालली होती. पुलावाला तांदूळ किती घ्यायचा, यावर दिरांची चर्चा. कुणीतरी आकडा टाकला. त्याखाली त्यांच्या थोरल्या जाऊबाई रायखान यांनी एजेकेंचा चेहरा चिकटवला होता, पुन्हा मोज, आणि वर लिहिलं होतं, आपली बुरुल तर स्टार झाली. खाली सगळ्या खानदानानं हसणारे चेहरे टाकले होते.

"यानंही टाकला," एजेके बोट ठेवून म्हणाल्या. तो त्यांचा नवरा होता.

"प्रेमानं केलं असेल, एजेके," मी म्हटलं. "सगळ्यांना आवडतात ते. बाजारात माझा समसावालासुद्धा..."

"बाजारात?"

त्या खुर्चीवर बसल्या.

"तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "मी पहिल्यांदा कामावर गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. पापान कालव्यावर. तिपाई खांद्यावर घेऊन उतारानं खाली आले, तर चाळीस माणसं फावडी खाली ठेवून बघायला लागली. मी म्हटलं, पट्टी धरा. कुणी धरेना. मी डोळा लावून वाकले की मागे हसायचे. काय हसायचे ते तुला सांगायला नको." त्यांनी फोन उलटा ठेवला. "त्या दिवशी मी ठरवलं, या तोंडाकडे बघून कुणी हसेल असं तोंड ठेवायचंच नाही. घरी नवऱ्यापुढेही नीट हसले नाही मी, गुल्साना, सवयच गेली. आणि आता समसावाला हसतोय."

मी उठून चहा टाकला. त्यांनी तो घेतला नाही.

त्याच दिवशी त्यांनी ग्रुपवरची सगळी रेकॉर्डिंग काढून टाकली आणि ग्रुप सोडला. घरचाही सोडला. नवरा फोन करून करून थकला, "बुरुल, अगं गंमत होती," तर त्याला म्हणाल्या, "झाली ना गंमत? मग ठेव फोन." वर्गात यायच्या, फळ्यावर लिहायच्या, वाचून दाखवायच्या, जायच्या. बोट वर नाही, भुवया वर नाही. मुलं चुकीचं रीडिंग सांगायची आणि त्या ते फळ्यावर लिहून पुढे जायच्या. एकदा एका मुलानं मुद्दाम अशक्य आकडा सांगितला, नुसतं त्यांना ओरडताना ऐकायला. त्यांनी तोही लिहिला.

आणि त्याच सुमारास अलायमध्ये अवेळी बर्फ पडलं. खिंड बंद. तिकडची मुलं अडकली, आणि या खेपेला ऐकायला काहीच नव्हतं. ती मला लिहायची, कारण मी अजून ग्रुपमध्ये होते. एजेके आजारी आहेत का? हॉस्पिटलात आहेत का? खरं लिहायला मला अवघड जात होतं. बऱ्या आहेत, एवढंच लिहीत राहिले. खिंड उघडली तशी पहिल्याच ट्रकवाल्याच्या हाती लोण्याचा एक डबा आला, फडक्यात बांधलेला. ट्रकवाला म्हणाला, "आजारी मास्तरीणबाईंना द्या म्हणाले. छातीला चोळायला नाही, खायला आहे, असंही सांगितलंय."

एजेकेंनी डबा कपाटावर ठेवला. फडक्याची गाठ सोडली नाही, पण परतही पाठवला नाही.

आता यात एर्मेक अगाय पडले. त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. मी तिथे होते. ते नियमावर बोट ठेवणारे आहेत, पण त्या दिवशी नियमाची गोष्ट नव्हती, कुणी त्यांच्या आईला बोलल्यासारखे ते चिडले होते. "माझ्या एजेकेंचं तोंड बाजारात?" म्हणाले. "ज्यानं केलं त्याचं नाव काढून टाकतो विद्यापीठातून. चौकशी समिती नेमतो."

चित्रं दुसऱ्या वर्षाच्या रेकॉर्डिंगमधली होती, म्हणून त्या वर्गाला निरोप गेला. कुणी केलं ते आठवड्याच्या आत सांगा, नाहीतर सगळ्या वर्गाची परीक्षा अडेल.

एजेकेंना मी विचारलं, "तुम्हाला हे हवंय?"

"मला नाव हवंय," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय कुणाचे हात आहेत ते."

हात जिबेकचे निघाले. ती स्वतःच आली, निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या खोलीत. बारीक चणीची मुलगी, वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय कधी तोंड न उघडणारी. दार लोटून आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"एजेके, मी केलेत ते."

एजेकेंनी चष्मा लावला आणि तिला नीट पाहिलं. त्यांना बहुधा कुणीतरी वेगळं अपेक्षित होतं. मागच्या बाकावरचा एखादा आगाऊ मुलगा.

"कुणी सांगितलं करायला?"

"कुणीच नाही."

"मग का केलंस?"

जिबेकनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाळली. मला वाटलं, ही आता सांगेल की अभ्यासासाठी केले, लक्षात राहावं म्हणून केले. तसं सांगितलं असतं तर खपून गेलं असतं.

"हसायला," ती म्हणाली. "आम्ही वसतिगृहात चौघी आहोत. हसायलाच केले, एजेके. खोटं कशाला सांगू."

"बरं." एजेकेंचा आवाज अगदी सपाट होता. "आणि माझ्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. सांग. मी विचारतेय."

"सांगता नाही येणार," जिबेक म्हणाली. "करून दाखवता येतं. मी आधी करूनच दाखवायचे, रात्री जेवण झाल्यावर. मग एक मैत्रीण म्हणाली, तू घरी गेलीस की आम्हाला बघायला मिळत नाही. म्हणून मग चित्रं कापली."

"करून दाखव."

"नको, एजेके."

"दार लाव. आणि करून दाखव."

जिबेकनं दार लावलं. तिनं पिशवी खाली ठेवली, क्षणभर भिंतीकडे तोंड केलं, आणि वळली ती दुसरीच बाई होऊन. खांदे थोडे पुढे, मान सरळ, पावलं जमिनीला घट्ट. ती माझ्यापुढे आली, कारण मीच वर्ग होते, आणि एजेकेंच्या आवाजात मला विचारायला लागली की हे रीडिंग तुला कुणी सांगितलं, वाऱ्यानं? मग बोट वर. मग भुवया. मग बोलता बोलता उजव्या हाताच्या पाठीनं, बोटांनी नव्हे, हाताच्या पाठीनं, कपाळावरची बट रुमालाखाली सारली, आणि तसाच हात कानामागून मानेवर नेऊन क्षणभर तिथे ठेवला.

"थांब," एजेके म्हणाल्या.

जिबेक थांबली आणि पुन्हा ती बारीक मुलगी झाली.

"ते हाताचं काय होतं?"

"तुम्ही करता."

"मी?"

"नेहमी करता, एजेके," मी म्हटलं. खरं म्हणजे मलाही ते त्या घटकेपर्यंत जाणवलं नव्हतं. पण ते खरं होतं.

"पुन्हा कर."

जिबेकनं केलं. हाताची पाठ, कपाळ, रुमाल, कानामागून मान. एजेके बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"ही माझी आई आहे," त्या म्हणाल्या. "कापसाच्या रानात. बोटं कापसानं भरलेली, बोंडांनी चिरलेली, म्हणून हाताच्या पाठीनं बट सारायची. आणि मान दुखायची तिची." त्यांनी स्वतःचा हात उचलला, अर्ध्यात थांबवला, त्याच्याकडे पाहिलं. "मी कापूस कधी वेचला नाही. तिनं वेचू दिला नाही. ती जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, त्यात ती ताठ उभी आहे. ती हलायची कशी ते मी विसरले होते."

जिबेक आता रडायला लागली होती, आवाज न करता, नाक ओढत.

"रडू नकोस," एजेके म्हणाल्या. "बस. गुल्साना, चहा टाक."

मी चहा टाकला. तिघींनी प्याला. कपाटावरचा लोण्याचा डबा एजेकेंनी स्वतः उतरवला, गाठ सोडली, पाव कापला आणि जिबेकपुढे सरकवला. "खा. अलायचं आहे. तुझं गाव कुठलं?"

"दाराउत-कोर्गोन."

"मग तुझ्याच कुणीतरी पाठवलं असेल."

"माझ्या भावानं," जिबेक म्हणाली आणि पाव खाली ठेवला. "तो पहिल्या वर्षाला आहे. त्याला ठाऊक नाही की मी केलंय. त्याला वाटतं तुम्ही खरंच आजारी आहात."

एजेकेंनी तो पाव उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. मग विचारलं, "कुठला जास्त वापरतात?"

"काय?"

"माझी ती चित्रं. कुठलं जास्त वापरतात?"

"पुन्हा मोज," जिबेक आणि मी एकदमच म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. "आणि ते पट्टीचं चुकलंय. मी तिथे पट्टी तिरकी धरलीय आणि खाली तू लिहिलंयस पट्टी सरळ धर. बघणाऱ्याला वाटेल हेच सरळ. ते बदल."

समिती शुक्रवारी बसली. समिती म्हणजे एर्मेक अगाय, दुसऱ्या विभागातले दोन वयस्कर अगाय आणि लिहून घ्यायला एक बाई. मी साक्षीदार. जिबेक भिंतीशी उभी. एर्मेक अगायनी आवाज खोल काढून सुरुवात केली, शिक्षकाची प्रतिष्ठा, विद्यापीठाची अब्रू, आणि शेवटी म्हणाले, या विद्यार्थिनीनं आपल्या आदरणीय एजेकेंचा घोर अपमान केला आहे.

"कुणाचा?" एजेकेंनी विचारलं.

"तुमचा."

"मग मला विचारा ना झाला का."

एर्मेक अगाय गोंधळले. "एजेके, तुम्हीच तर... तुम्ही ग्रुप सोडलात. रेकॉर्डिंग काढलीत."

"काढली. उद्यापासून परत टाकते."

दोन्ही वयस्कर अगाय एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक, सगळं लवकर आटपून जेवायला जाण्याच्या घाईत असलेला, म्हणाला, "मग प्रश्न एवढाच. या मुलीला तुमचा चेहरा वापरायची परवानगी होती का?"

"आहे," एजेके म्हणाल्या.

"झालं तर. लिहा, परवानगी होती."

"मी आहे म्हटलं. होती असं नाही म्हटलं." एजेके लिहिणाऱ्या बाईंकडे वळल्या. "तिनं केलं तेव्हा परवानगी नव्हती. तेव्हा ती चुकली. आता आहे. दोन्ही लिहा."

"एजेके," एर्मेक अगाय हलक्या आवाजात म्हणाले, "होती असं लिहिलं तर प्रकरण इथंच मिटतं. नव्हती असं लिहिलं तर मला शिक्षा द्यावी लागेल."

"एर्मेक, तीस वर्षं मी मुलांना सांगतेय की रीडिंग खोडून सोयीचं लिहायचं नाही. तुलाही सांगितलंय. आता तुझ्या टेबलावर बसून मी तेच करू?"

लिहिणाऱ्या बाईंनी खाली मान घालून हसू दाबलं. एर्मेक अगाय कानापर्यंत लाल झाले, पण त्यांनी वाद घातला नाही.

"मग शिक्षा काय देऊ?" ते म्हणाले. ते डीन म्हणून विचारत होते की विद्यार्थी म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

एजेकेंनी विचार केलेला होता. जिबेकला लेखी समज मिळाली. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी फोनमागे बसायचं काम तिला लागलं. "गुल्सानाला वर्ग होऊन होऊन कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या, "आणि तिला सर्व्हे येतही नाही. ही मला चुकताना पकडेल." परीक्षा कुणाचीच अडली नाही.

बाहेर आल्यावर जिबेकनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. एजेके म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी. उशीर करू नकोस," आणि पुढे गेल्या.

घरचा ग्रुप मात्र त्यांनी तेव्हा लगेच धरला नाही. आठवडाभरानं त्यांच्या जाऊबाई रायखान आमच्या खोलीतच आल्या, धापा टाकत, हातात बोर्सोकची मोठी पिशवी. गरम तळलेल्या कणकेचा वास खोलीभर.

"ग्रुपमधून गेलीस," दारातूनच म्हणाल्या, "म्हणून मला या गुडघ्यांनी तीन मजले चढावे लागले. बरं वाटलं?"

"लिफ्ट आहे," एजेके म्हणाल्या.

"बंद आहे तुझी लिफ्ट. सरक." त्या माझ्याच खुर्चीवर बसल्या. "चूक झाली माझी. सगळ्यांसमोर टाकायला नको होतं. मला वाटलं, आमची बुरुल हसत नाही, तर निदान आम्ही तरी तिच्याबरोबर हसू."

"माझ्याबरोबर कुठे? मी नव्हतेच त्यात."

"हेच तर म्हणतेय. नव्हतीस. ये आता. तांदळाचं अजून ठरत नाहीये. तुझा दीर एक सांगतो, तुझा नवरा दुसरं, आणि पाहुणे किती ते कुणालाच माहीत नाही."

एजेकेंनी एक बोर्सोक घेतला, दोन तुकडे केले. "पाहुणे आधी मोजा," म्हणाल्या. "मग माणशी किती ते बघा. तांदूळ शेवटी." आणि फोन काढून रायखानपुढे धरला. "घे. परत आत घ्यायचं कसं ते मला येत नाही. तूच घे."

लग्नाला मीही गेले होते. एजेके बायकांमध्ये बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना चेहरा करून दाखवायचा आग्रह केला. त्यांनी केला नाही. पण रागावल्याही नाहीत.

मंगळवारची रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झाली. सुरुवातीला दोघी एकमेकींशी अवघडलेल्या असायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला एजेके उदाहरण सोडवताना एक वजाबाकी चुकल्या आणि फोनमागून आवाज आला, "एजेके, तिथे परत बघा." एजेके थांबल्या, फळ्याकडे पाहिलं, चूक पुसली. ते रेकॉर्डिंग तसंच टाकलं. रशियातून कुणीतरी लिहिलं की सगळ्यात चांगलं व्याख्यान हेच, कारण आपण कुठे चुकतो ते यातच कळतं. जिबेक वर्गात अजूनही तिसऱ्या बाकावरच बसते आणि फारसं बोलत नाही. पण संध्याकाळी वसतिगृहात ती पहिल्या वर्षाच्या मुलींना सर्व्हे शिकवते, आणि तिचा भाऊ दाराशी बसून ऐकतो, असं मी ऐकलंय.

सप्टेंबरमध्ये नवी मुलं आली. या मुलांनी एजेकेंना कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर पाहिलं होतं, गावाकडे असताना, आपापल्या ग्रुपांमध्ये. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी व्हरांड्यातून चाललो होतो. समोरून सहा-सात मुलांचा घोळका आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. त्यातला एक उंच मुलगा, कानटोपी हातात चुरगाळत, पुढे आला.

"एजेके," म्हणाला, "तुम्ही... खरोखरच्या आहात?"

एजेकेंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तास नऊ वाजता आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा ये आणि तूच ठरव."

मुलं पळाली. एजेके चालत राहिल्या. जिन्याच्या वळणावर त्या क्षणभर थांबल्या, कठड्याला धरून, आणि तेव्हा मला दिसलं की त्या हसत होत्या, अगदी तोंड उघडून, खालच्या पायरीवरून वर येणाऱ्या एर्मेक अगायनाही दिसेल असं.